यमन कुठल्या रकान्यात लिहायचा?

२३ ऑक्टोबर २००१ रोजी स्टीव्ह जॉब्सने खिशातून एक पांढरी डबी काढली आणि ‘तुमच्या खिशात हजार गाणी’ असं म्हणत ती जगासमोर ठेवली. आत पाच जीबीची चकती होती. हा हजाराचा आकडा आला कुठून, ते मांडून बघण्यासारखं आहे. १६० केबीपीएसची एमपीथ्री फाइल सेकंदाला वीस किलोबाइट खाते. चार मिनिटांचं गाणं झालं ४.८ एमबी. अशी हजार गाणी म्हणजे जवळपास पाच जीबी. हिशेब चोख आहे. फक्त गाणं चार मिनिटांचं असतं, हे त्यात आधीच ठरून गेलेलं आहे. त्याच चकतीवर पन्नास मिनिटांचे ख्याल भरायला घेतले तर ऐंशी-पंच्याऐंशी बसतात. ‘तुमच्या खिशात ऐंशी ख्याल’ ही जाहिरात कुपर्टिनोत कुणाला सुचली नसती, आणि खरं सांगायचं तर पुण्यातही ती फार खपली नसती.

गेली काही वर्षं मी जुने आयपॉड विकत घेतो, उघडतो, त्यांतली चकती काढतो आणि तिच्या जागी मेमरी कार्ड बसवतो. हा उद्योग जगभर बरेच लोक करतात आणि त्यावर लिहिलेलंही भरपूर आहे, पण ते बहुतेक कसं करायचं याबद्दल. असं का करायचं, याबद्दल जे लिहिलं जातं ते दोन-तीन वाक्यांत आटपतं: आवाज चांगला, बटणं खरी, मोबाइलपासून सुटका. ही कारणं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. मला हे यंत्र एखाद्या पुस्तकासारखं वाचावंसं वाटतं. त्याच्या लेखकाने वाचक कोण धरला होता आणि कोण धरला नव्हता, हे चकती बदलताना जितकं स्पष्ट दिसतं तितकं ते नुसतं वापरताना दिसत नाही.

आधी थोडं कामाबद्दल. यासाठी सगळ्यात सोयीचं मॉडेल म्हणजे २००५-०६ मधला पाचव्या पिढीचा, व्हिडिओ दाखवणारा आयपॉड. पुढची बाजू प्लास्टिकची, मागची आरशासारखी चकचकीत धातूची. फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची आणि एकेक क्लिप सोडवत जायचं. नंतरच्या क्लासिकची पुढची बाजूही धातूची आहे आणि तो उघडताना माणूस वाकतो किंवा आयपॉड वाकतो. उघडल्यावर लगेच दोन्ही अर्धे लांब करायचे नाहीत, कारण बॅटरीची आणि हेडफोनच्या भोकाची रिबन दोन्हींना जोडून असते. ती कागदाइतकी पातळ. चकतीला निळ्या रबराचे कोपरे घातलेले असतात, लहान मुलाला झबलं घालावं तसे. चकती उचलून तिची रिबन सोडवली की तिथे एक छोटा हिरवा बोर्ड बसतो. आयफ्लॅश नावाचे बोर्ड यात प्रसिद्ध आहेत. एका कार्डाचा, दोन कार्डांचा, चार मायक्रोएसडी कार्डांचा, असे प्रकार मिळतात. बोर्डाचं काम एकच: प्लेयरला आपण चकतीच आहोत असं भासवायचं. प्लेयरला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मग कॉम्प्युटरला जोडून आयट्यून्सवरून ‘रिस्टोर’ करायचं, झालं. मोकळ्या झालेल्या जागेत जाडजूड बॅटरीही मावते. कार्ड मात्र बसवण्याआधी पूर्ण भरून, पूर्ण वाचून तपासावं. पाचशे बारा जीबी छापलेलं आणि आत बत्तीसच असलेलं कार्ड बाजारात काही दुर्मीळ नाही, आणि ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारखी फुकट मिळणारी साधनं हे खोटं तासाभरात किंवा रात्रभरात उघडं पाडतात.

आता मुद्द्याकडे. चकती असलेला आयपॉड गाणं थेट चकतीवरून वाजवत नसे. तो पुढची काही गाणी एकदम उचलून रॅममध्ये घेई आणि चकतीला झोपवून टाकी, कारण फिरती चकती बॅटरी पिते. पहिल्या आयपॉडची ही रॅम होती ३२ एमबी. चार मिनिटांच्या गाण्यांसाठी ही व्यवस्था फार हुशार आहे: एकदा जागं व्हायचं, पाच-सहा गाणी उचलायची, वीस-पंचवीस मिनिटं झोपायचं. अ‍ॅपलच्या बॅटरीविषयीच्या सूचनांत तर फायली ९ एमबीपेक्षा लहान असाव्यात असं सुचवलेलं असे. ९ एमबी म्हणजे वरच्याच हिशेबाने साडेसात मिनिटं. साडेसात मिनिटांत विलंबित एकतालाची किती आवर्तनं होतात, ते ज्याने बैठक ऐकली आहे त्याने मोजावं. हाताची बोटं पुरतात.

म्हणून जुन्या आयपॉडवर ख्याल ऐकताना एक गोष्ट घडायची, जी पॉप ऐकणाऱ्याला फारशी जाणवत नसे. आलाप चालू आहे, गायक निषादावर थांबलाय, आणि तळहाताला एक बारीक थरथर लागते. खटक, घुर्रर्र. चकती जागी झाली. तिला पुढचा तुकडा हवाय. लॉसलेस फाइल असेल तर हे दर काही मिनिटांनी. यंत्र जणू मध्येच विचारायचं, अजून संपलं नाही का हे? कार्ड बसवल्यावर ही थरथर गेली. स्मरणरंजनवाले मंडळी तिच्यासाठी हळहळतात, चकतीचा आवाज म्हणजे आयपॉडचा श्वास वगैरे. मी हळहळत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. पाचव्या पिढीचा आयपॉड सगळ्या गाण्यांची यादी रॅममध्ये चढवतो. ३० जीबीच्या मॉडेलात रॅम ३२ एमबी, ६० आणि ८० जीबीच्या मॉडेलांत ६४. साठा कितीही वाढवा, यादी फार लांबली की प्लेयर अडखळतो आणि मग बंदच पडतो. एक टेराबाइटचं कार्ड घालून ते चार-चार मिनिटांच्या एमपीथ्रींनी भरायचं म्हटलं तर दोन लाख फायली होतील, आणि या प्लेयरला ते झेपणं शक्य नाही. तेच कार्ड पन्नास मिनिटांच्या लॉसलेस ख्यालांनी भरा. एक ख्याल अंदाजे अडीचशे एमबी, म्हणजे चार हजार फायली. यादी आटोपशीर, प्लेयर खूश. ज्या यंत्राने २००१ साली ख्यालाचा विचारच केला नव्हता, त्याच्या वंशजाला म्हातारपणी एवढा साठा पचवायचा असेल तर ख्यालच लागतो.

हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात सुंदर अपघात आहे, आणि त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आयपॉडवर जी पुस्तकं आली त्यांतही हा मुद्दा का येत नाही, हे बघण्यासारखं आहे. स्टीव्हन लेव्हीचं ‘द परफेक्ट थिंग’ २००६ मध्ये आलं. त्याच्या वेगवेगळ्या प्रतींत प्रकरणांचा क्रम वेगवेगळा छापलेला आहे, शफलला दाद म्हणून. कल्पना चमकदार आहे आणि पुस्तक वाचनीय आहे. पण शफल तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा असतो. विलंबित आणि द्रुत अशा दोन फायली असलेल्या सीडीवर शफल लावून पाहा: आधी द्रुत येईल, मग कुणा दुसऱ्याच्या भैरवातली तान, तीही रात्री साडेअकराला, आणि बडा ख्याल तीन दिवसांनी. लेव्हीला शफलमध्ये योगायोगाची जादू दिसते. मला बैठकीतून उठून गेलेले श्रोते दिसतात. मायकल बुलचं ‘साउंड मूव्ह्ज’ (२००७) जास्त गंभीर. शहरात फिरणारा माणूस कानात संगीत घालून स्वतःभोवती एक खासगी बुडबुडा तयार करतो, असं त्याचं म्हणणं. लंडनपुरतं ते खरं असेल. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला, शेजारच्या बाकावर टाळ कुटत भजनी मंडळ बसलेलं असताना, हा बुडबुडा किती टिकतो ते बुलने येऊन बघायला हवं होतं. जोनाथन स्टर्नचं ‘एमपी३: द मीनिंग ऑफ अ फॉरमॅट’ (२०१२) मात्र वाचाच. फाइलचा प्रकार ही तांत्रिक गोष्ट नसून त्यात कुणाचा कान, कुठला आवाज, कसली सोय गृहीत धरली आहे याचा दस्तऐवज असतो, हे स्टर्नकडून शिकावं. मी इथे जे करतोय ते त्याच वाटेने.

तर त्या दस्तऐवजातलं सगळ्यात बोलकं पान म्हणजे टॅग. एमपीथ्री फाइलला गाण्याची माहिती चिकटवण्याची आयडीथ्री ही पद्धत १९९६ साली एरिक केम्पने सुरू केली. फाइलच्या शेवटी १२८ बाइट्सची चिठ्ठी. नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. आणि प्रकाराला, म्हणजे जाँरला, एकच बाइट. त्या बाइटमध्ये एक आकडा, आणि आकड्यांची यादी आधीच ठरलेली, ८० प्रकारांची. पहिला ‘ब्लूज’. पुढे ‘ख्रिश्चन रॅप’ आहे, ‘पोल्का’ आहे, ‘शोट्यून्स’ आहे. आणि आपण? ‘एथनिक’. ३२ नंबरवर ‘क्लासिकल’ आहे, पण तिथे बाख आधीच पाय पसरून बसलाय. नंतर नियम सैल झाले, हवं ते लिहिता येऊ लागलं. पण रकाने तेच राहिले आणि आयपॉडचा मेनू त्या रकान्यांवरच उभा राहिला. आर्टिस्ट्स, अल्बम्स, साँग्ज, जाँर्झ, कंपोजर्स.

या मेनूत यमन कुठे आहे? राग हा अल्बम नाही, गाणं नाही, प्रकारही नाही. मी बरीच वर्षं राग ‘जाँर’मध्ये लिहितो, कारण मग जाँर्झ उघडलं की अहिरभैरव ते यमन अशी यादी येते आणि वेळ पाहून राग निवडता येतो. काही जाणते लोक राग ‘कंपोजर’मध्ये लिहितात. मला ते पटत नाही, तरी त्यामागचा विचार आवडतो: शेवटी गाणं रचतो कोण, तर रागच. ताल शेऱ्यात. घराणं कुठेच नाही.

आयट्यून्सची अकारविल्हे लावण्याची रीतही बघा. नावाच्या आरंभीचं इंग्रजी ‘द’ ते सोडून देतं, म्हणजे ‘द बीटल्स’ बी खाली. ‘पंडित’ मात्र सोडत नाही. त्यामुळे कंपनीची सीडी जशीच्या तशी चढवली की पी खाली अर्धं हिंदुस्थानी संगीत गोळा होतं: ‘पंडित’ वेगळे, ‘पं.’ वेगळे. उस्ताद सगळे यू मध्ये. किशोरीताई तर के मध्ये, व्ही मध्ये (विदुषी) आणि जी मध्ये (गानसरस्वती), अशा तीन ठिकाणी बसलेल्या. भीमसेन जोशींच्या बाबतीत कुणी ‘भारतरत्न’ लावलं तर निदान अक्षर तेच राहतं. साठा वाढवल्यावर खरं काम हे असतं. कार्ड बसवायला अर्धा तास. पदव्या काढायला सहा महिने.

हा घोळ संगणकाने सुरू केलेला नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने पहिली ध्वनिमुद्रणं दिली तेव्हा गाणं संपताना ती मोठ्याने आपलं नाव इंग्रजीत सांगत असे. तबकडीवर टॅग नव्हता, म्हणून तिने तो गळ्यातून लावला. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी छापलेलं होतं ‘कामिनी’, सिनेमातल्या पात्राचं नाव. लता मंगेशकर तेव्हा त्या रकान्यात नव्हत्या. कलाकाराच्या रकान्यात कुणाचं नाव येतं हा प्रश्न तेव्हाही वाटाघाटीचा होता. आज तुमच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर एखादं नाट्यपद शोधा आणि तिथे गायक, संगीतकार, नाटककार यांपैकी कुणाचं नाव ठळक दिसतं, कुणाचं गायब आहे ते बघा.

या छंदाची जी मला न आवडणारी बाजू आहे तीही सांगतो. एक टेराबाइट, दोन टेराबाइट अशी चढाओढ. पारदर्शक पाठी, केशरी चाकं, आणि फोटोंमध्ये ‘अबाउट’ची स्क्रीन, ज्यावर मोकळी जागा किती आहे ते दिसतं. आत काय आहे ते मात्र कुणी दाखवत नाही. वरचे चार हजार ख्याल धरा: दोन लाख मिनिटं. रोज दोन तास, एकही दिवस न चुकता ऐकलं तर साडेचार वर्षं. पण रसिक असं ऐकत नाही. तो तोच मारवा पन्नास वेळा ऐकतो. ६४ जीबी कार्डात माझं भागतं, आणि मला वाटतं बहुतेकांचं भागेल.

आणि मोबाइल आहे की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मोबाइलमध्ये स्वतःच्या फायली टाकून एखाद्या साध्या प्लेयरवर ऐकल्या तर आयपॉडची फारशी गरज नाही. आयपॉडमध्ये मोक्ष नाही. उलट तो काही बाबतीत हेकट आहे. तुम्ही चढवलेली फाइल तो एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, एफ००, एफ०१, एफ०२ अशा खणांत, आणि तिचं नाव बदलून चार निरर्थक अक्षरं करतो. खण उघडलात तर आत काय आहे ते चाळून कळत नाही. कळतं ते फक्त टॅगवरून. टॅग रिकामा असेल तर ते ध्वनिमुद्रण त्या खणांत असूनही हरवलेलं असतं. (रॉकबॉक्स नावाची मुक्त प्रणाली चढवली तर तुमची फोल्डरं तुमच्याच नावांनी राहतात आणि फ्लॅक फायलीही वाजतात. मी ती एका आयपॉडवर ठेवली आहे. ती दिसायला ओबडधोबड आहे.)

मोबाइल की आयपॉड हा प्रश्न त्यामुळे गौण. फाइल आपल्याकडे आहे की नाही, हा खरा. भारतात रेसो जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळायचं जाहीर केलं. तिथे कष्टाने रचलेल्या प्लेलिस्टा म्हणजे भाड्याच्या घरात लावलेली झाडं होती. पण त्यांतली गाणी निदान दुसरीकडे सापडतात. जी गाणी कुठल्याच अ‍ॅपवर कधी नव्हती त्यांचं काय?

आमच्याकडे सात कॅसेट आहेत, साठ मिनिटांच्या. काकाने १९८९ मध्ये घरच्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या भरून घेतल्या. जातं तेव्हा घरात नव्हतंच, त्यामुळे ती नुसतीच बसून गाते, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. गेल्या वर्षी मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. प्लेयरवर चढवायच्या तर टॅग हवा. रकाना रिकामा ठेवला की बहुतेक प्लेयर स्वतःहून ‘अननोन आर्टिस्ट’ लिहितात, आणि आजीसाठी ते मला चालणार नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं जे प्रचंड काम उभं केलं, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत; ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. तिथल्या नोंदी बघा. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. ओव्यांची विभागणी विषयांनुसार. ज्यांना आपण काय गोळा करतोय हे ठाऊक होतं त्यांनी रकाने तसे आखले. आयडीथ्रीत गावाला रकाना नाही. मी ते अल्बमच्या जागी लिहिलं.

पण नाव? आजीचं माहेरचं नाव एक, लग्नानंतर ठेवलेलं दुसरं. आईचं म्हणणं, सगळं गाव तिला सासरच्या नावाने ओळखायचं, तेच लिही. आत्याचं म्हणणं, या ओव्या ती माहेरी शिकली, तेव्हा ती दुसरीच कुणी होती, आणि ते नाव तिला पुन्हा कुणी हाक मारून दिलंच नाही. आत्या हे फोनवर बोलली आणि नंतर थोडा वेळ गप्प राहिली. रचणारी कोण, हा आणखी वेगळा पेच. आजीला तिच्या आईने शिकवल्या, तिला तिच्या आईने. सध्या आर्टिस्ट्समध्ये सासरचं नाव आहे आणि कंपोजर्समध्ये माहेरचं. एकच बाई दोन मेनूंत दोन नावांनी आहे, आणि आयपॉडच्या लेखी त्या दोघी आहेत.

सहाव्या कॅसेटची बी बाजू अजून चढवलेली नाही. तिथे आजीबरोबर दुसरी एक बाई गाते, आवाज आजीपेक्षा जाड, ओवीचा दुसरा चरण ती उचलते आणि मध्ये एकदा दोघी हसतात. काकाला आठवत नाही. आईने ऐकून मान हलवली. दिवाळीत आत्या येणार आहे, तिला ऐकवायची आहे.